कचरा बाईने वेगळा करायचा, बचत कुणाच्या खात्यात?

मागच्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावी बचत गटांच्या बायकांची सभा होती. दोन-अडीचशे बायका जमल्या होत्या. व्यासपीठावर पाच पुरुष आणि हार घालायला एक बाई. एका साहेबांनी ओला कचरा, सुका कचरा समजावून सांगितला आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही भगिनींनी मनावर घेतलं, तर गावाचा कचऱ्यावरचा खर्च निम्म्यावर येईल." टाळ्या झाल्या. हात पुढे करून शपथ झाली. हिरवी आणि निळी बादली घेतल्याचे फोटो निघाले.

परत येताना माझ्याबरोबर एक पन्नाशीच्या बाई होत्या. चार घरची धुणीभांडी करतात. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "ताई, खर्च निम्म्यावर आला तर उरलेला निम्मा कुठं जाणार हो?"

हा प्रश्न त्या सभेत कुणी विचारला नाही. साहेबांनी नाही, अध्यक्षांनी नाही, आणि कार्यकर्ती म्हणून तिथे बसलेल्या मीही नाही. म्हणून तो इथे मांडते आहे. घराघरात कचरा वेगळा केला, पुन्हा वापरात आणला, तर गावाचा विल्हेवाटीचा खर्च खरोखर कमी होतो का? होत असेल तर कुणाच्या श्रमातून? आणि वाचलेला पैसा जातो कुठे?

आपल्याला हे कुणी शिकवायचे?

'पुनर्वापर' हा शब्द आपल्या घरांत नवीन असेल, काम नवीन नाही. वर्तमानपत्राची रद्दी गठ्ठा बांधून ठेवायची, तेलाचे डबे धान्याला वापरायचे, जुन्या लुगड्याची गोधडी करायची, उरलेल्या कपड्यांवर बोहारणीशी घासाघीस करून पातेले घ्यायचे, फुटक्या बादल्या आणि लोखंड भंगारवाल्याला द्यायचे. हे सगळे घराघरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. बोहारीण स्वतः बाईच. गोणी पाठीला लावून रस्त्यावरचे पुठ्ठे, बाटल्या, प्लॅस्टिक वेचणारी बहुतेक वेळा बाईच, आणि तीही बहुतेक वेळा दलित किंवा भटक्या जातीतली. त्यांच्यात नवऱ्याने टाकलेल्या कितीतरी जणी असतात. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हा या जिल्ह्याने त्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला होता. आज त्यातल्याच काही जणी आणि त्यांच्या मुली पहाटे उकिरडा चाळताना दिसतात.

म्हणजे ज्या सुक्या मालाला बाजारात भाव आहे, तो पालिकेच्या गाडीपर्यंत पोहोचतच नव्हता. त्याच्या वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा खर्च पालिकेला कधी करावाच लागला नाही. तो माल बायकांनी आधीच वेगळा काढला होता. पालिका आज ज्या बचतीचे स्वप्न दाखवते, त्यातला मोठा भाग ती कित्येक वर्षे फुकटात खात आली आहे. त्याची पावती तिने कुणालाच दिली नाही.

पालिकेचा पैसा कुठे जातो

आता दुसऱ्या बाजूने पाहू. कचऱ्यावरच्या खर्चाचे ठोक चार भाग असतात: रस्ते झाडणे, दारोदार गोळा करणे, वाहून नेणे आणि शेवटची विल्हेवाट. आपल्याकडच्या बहुतेक गावांत पैसा पहिल्या तीन कामांवर जातो. माणसांची हजेरी, गाड्या, डिझेल, दुरुस्ती. विल्हेवाटीवर जाते ते अगदी थोडे, कारण विल्हेवाट म्हणजे गावाबाहेर नेऊन ओतणे.

आपण चार किलोंतले दोन किलो घरीच जिरवले, तरी घंटागाडी दारात येणारच. ड्रायव्हरचा पगार तोच. झाडणारीची हजेरी तीच. गाडी अर्धी रिकामी फिरली म्हणून हप्ता कमी होत नाही. खर्च कमी व्हायचा तर खेपा कमी व्हाव्या लागतात, गाड्यांची संख्या नव्याने ठरवावी लागते. ते कागदावर कुणीतरी बसून करावे लागते. आपोआप होत नाही.

आणि काम ठेक्यावर असेल तर आणखी एक गाठ असते. टेंडरमध्ये पैसे कशावर मोजतात? काही ठिकाणी टनावर. म्हणजे काट्यावर जितके वजन, तितके बिल. अशा ठेक्यात बायकांनी भाजीची देठे आणि खरकटे घरीच जिरवले तर पालिकेचे बिल उतरते, पण ठेकेदाराचे नुकसान होते. त्याचा फायदा कचरा जड असण्यात आहे, तो कमी व्हावा असे त्याला का वाटेल? काही ठिकाणी पैसे गाडीवर किंवा महिन्याच्या ठोक रकमेवर ठरतात. अशा ठेक्यात आपण कचरा कमी केला तर डिझेल ठेकेदाराचे वाचते आणि पालिकेचे बिल जसेच्या तसे राहते. म्हणजे आपल्या बादलीतली बचत कुणाच्या खिशात पडणार, हे ठेक्याच्या कागदावर आधीच लिहिलेले असते. तो कागद बचत गटाच्या सभेत कुणी वाचून दाखवत नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडे आहे असे नाही. न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहराने २००२ साली काच आणि प्लॅस्टिकचा पुनर्वापर खर्च परवडत नाही म्हणून थांबवला आणि नंतर पुन्हा सुरू केला. वेगळ्या मालासाठी वेगळी गाडी फिरवायची आणि गोळा केलेल्या मालाला भाव मिळत नाही, मग खर्च वाढतोच. तेव्हा 'कचरा वेगळा केला की पैसा वाचतो' हे वाक्य जसेच्या तसे खरे नाही. घराच्या उंबऱ्यापुढची साखळी कशी बांधली आहे यावर ते खरे किंवा खोटे ठरते.

आपल्या गावांत ती साखळी कुठे तुटते हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. घरात दोन बादल्या आणि गाडीत एकच ढीग. मग चार दिवसांनी बाई वेगळे करणे सोडते, आणि साहेब अहवालात लिहितात, 'नागरिकांचे सहकार्य नाही.' नागरिक म्हणजे कोण? बाईच. दोष बाईचा, फोटो साहेबांचा.

स्वस्त विल्हेवाट कुणाच्या जिवावर

विल्हेवाटीचा खर्च कमी दिसतो यामागे आणखी एक गोष्ट आहे. नगरच्या बायकांना बुरुडगावचा डेपो माहीत आहे, सावेडीचाही माहीत आहे. वर्षानुवर्षे शहराचा कचरा तिथे गेला आणि आसपास राहणाऱ्यांनी दुर्गंधी, माशा आणि धुराच्या तक्रारी केल्या. ज्या गावाच्या शिवेवर डेपो असतो तिथे विहिरीचे पाणी नासले तर लांबून पाणी कोण आणते? मूल सारखे आजारी पडले तर दवाखान्यात रजा टाकून कोण बसते? अन्नावर माशा बसू नयेत म्हणून दिवसभर झाकपाक कोण करते? हा सगळा विल्हेवाटीचाच खर्च आहे. तो पालिकेच्या अंदाजपत्रकात नाही, कारण तो त्या गावच्या बायका रोज भरतात.

म्हणून उघड्यावर ओतणे स्वस्त वाटते. ते स्वस्त नाही, उधारीवर आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांडपाणी आणि घनकचऱ्याच्या हलगर्जीबद्दल महाराष्ट्र सरकारला १२,००० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई आकारण्याचा आदेश दिला, तो याच उधारीचा हिशेब होता. जुने ढीग उपसून, चाळून साफ करायला आता सरकारी योजनांतून पैसा ओतावा लागतो. त्या ढिगात न गेलेला प्रत्येक टन ही खरी बचत आहे. पण ती बचत दहा वर्षांनी दिसते, या वर्षीच्या बिलात दिसत नाही. ज्या साहेबाची बदली तीन वर्षांत व्हायची आहे, त्याला ती कशी दिसावी?

होते, पण कधी होते

मग वेगळे करणे व्यर्थ आहे का? मुळीच नाही. काही मैत्रिणी वैतागून तसे म्हणतात, पण ते मला मान्य नाही.

आपल्या घरांतला निम्मा किंवा त्याहून जास्त कचरा ओला असतो. तोच कुजतो, तोच वास मारतो, त्याच्यामुळेच सुका माल भिजून कवडीमोल होतो, आणि वजनही त्याचेच जास्त. तो घरच्या परसात, वाड्याच्या कोपऱ्यात किंवा वॉर्डातल्या खड्ड्यात जिरला, तर लांबची वाहतूक खरोखर कमी होते. एकदा मिसळलेला कचरा डेपोवर वेगळा करायला कितीतरी जास्त माणसे आणि यंत्रे लागतात आणि हाती येतो तो घाण माल. म्हणजे कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा करणे सर्वांत कमी श्रमाचे आहे. यात वाद नाही.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले या छोट्या नगरपरिषदेने २०१५ नंतर हे करून दाखवले. दारातच कचरा वेगळा घेतला, गाडीतही वेगळाच ठेवला, ओल्यापासून बायोगॅस आणि खत केले, सुका माल प्रकारवार लावून विकला, प्लॅस्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात वापरले. जुन्या डेपोची जागा लोक पाहायला जाऊ लागले. तिथे शपथ झाली म्हणून हे झाले नाही. घरापासून शेवटच्या गोणीपर्यंत साखळी पुरी बांधली म्हणून झाले.

पुण्याचे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे आहे. मे १९९३ मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्य दलित बायकांची ही संघटना. त्यांनी आधी ओळखपत्र मिळवले, मग विमा, आणि २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी महापालिकेने दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास'मधून हाच रस्ता धरला. पुण्याच्या अनुभवावर आधारित एका अभ्यासात २००१ साली हिशेब मांडला गेला की एक कचरावेचक बाई महिन्याला सुमारे २४६ रुपयांचे श्रम महापालिकेला फुकट देते. त्या काळच्या २४६ रुपयांत काय काय येत होते ते आठवून पाहा. हा आकडा संघटनेने अधिकाऱ्यांपुढे ठेवला आणि मगच बोलणे 'दया करा' वरून 'देणे द्या' वर आले.

म्हणजे माझ्या सोबतच्या बाईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे: खर्च कमी होतो. ओला कचरा जवळच जिरला, गाडीत कप्पे राहिले, खेपा कमी केल्या आणि ठेक्याच्या अटी बदलल्या तर होतो. यातले एक जरी राहिले तर होत नाही, तो फक्त सरकतो. पालिकेच्या वहीतून बाईच्या अंगावर.

पाच मिनिटांची किंमत

हा सरकलेला खर्च केवढा असतो? समजा दहा हजार घरांचे गाव आहे. प्रत्येक घरात एक बाई कचरा वेगळा करण्यात, पिशव्या धुण्यात, ओले खड्ड्यात टाकण्यात आणि घंटा ऐकून धावण्यात रोज पाचच मिनिटे घालवते. दहा हजार घरांची झाली पन्नास हजार मिनिटे. म्हणजे रोज ८३३ तास, म्हणजे आठ तासांच्या १०४ हजेऱ्या. चारशे रुपये रोजाने धरले तर दिवसाला ४१,६०० रुपये, महिन्याला साडेबारा लाखांच्या आसपास. हा आकडा मी समजुतीसाठी मांडला आहे. आपापल्या गावाची घरे मोजून तो प्रत्येकीने करून पाहावा.

कुणी म्हणेल, आता कचऱ्याच्या पाच मिनिटांचाही पगार मागणार का? नाही मागत. पण एवढे काम गावाला मिळते आहे हे आधी वहीत लिहा. एखाद्या ठेकेदाराने १०४ माणसे फुकट दिली असती, तर त्याचा सत्कार नगरपालिकेच्या सभागृहात झाला असता. बायकांनी दिली तर ती 'भगिनींची स्वयंशिस्त'.

सवलतीचेही तसेच. पुणे महापालिका गांडूळखत करणाऱ्यांना मिळकत करात सवलत देत आली आहे. कल्पना चांगली. पण मिळकत कुणाच्या नावावर असते? खड्डा बाईने हलवायचा, सवलत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने यायची. भाड्याच्या खोलीत राहणारीला आणि झोपडीत राहणारीला तर त्यातली दमडी नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट कचरावेचक बाईची आहे. आपण सुका माल नीट वेगळा करून गाडीत टाकायला लागलो, आणि ठेक्यात 'सर्व सुका माल ठेकेदाराच्या मालकीचा' असे लिहिलेले असेल, तर आपण आपल्याच हाताने तिच्या गोणीतली भाकरी काढून ठेकेदाराला देतो. आपल्या स्वच्छतेच्या उत्साहाने एका बाईची चूल विझली, तर ती स्त्रियांची चळवळ नव्हे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते. आपल्या जिल्ह्यातल्या किती गावांत त्यांची नुसती नोंद तरी झाली, हे आपापल्या पालिकेत जाऊन विचारा.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट होती. सॅनिटरी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी वापरलेले पॅड गुंडाळायला पाकीट द्यावे. त्याच्या आधीच, २०१३ च्या महिला दिनाच्या सुमारास, पुण्याच्या कचरावेचक बायकांनी वापरलेले पॅड गोळा करून कंपन्यांना परत पाठवले होते. रोज ते उघड्या हातांनी वेगळे करावे लागतात, तुम्हीही एकदा पाहा, असे सांगण्यासाठी. नफा कंपनीचा, घाण बाईच्या हातात, आणि लाज वापरणारीच्या माथी. या एका गोष्टीत आपल्या विषयाचे सगळे अर्थशास्त्र येते.

दोन आक्षेप

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, कचरा हा आपला विषय नाही. आपण हिंसाचार, पोटगी, जमिनीचा हक्क यांवर काम करावे. बादल्यांचे वाटप पालिकेला करू द्यावे. मला वाटते, आपण हा विषय सोडला म्हणूनच तो शपथा आणि रांगोळी स्पर्धांच्या ताब्यात गेला. जिथे बाईचे श्रम बिनामोल धरले जातात, तिथे आपला विषय असतोच. पाण्याचा हंडा आपला विषय होता, रेशनची रांग आपला विषय होती, मग कचऱ्याची बादली का नाही?

दुसरा आक्षेप वरून येतो. 'ताई, प्रत्येक गोष्टीत हिशेब कशाला? ही गावाची सेवा आहे.' सेवा करायला आम्ही कधी मागे राहिलो? पण सेवेचा नियम सगळ्यांना सारखा लावा. ठेकेदाराचे बिल सेवा म्हणून माफ होत असेल, तर आम्हीही हिशेब मागणार नाही.

मग करायचे काय

कचरा वेगळा करणे सोडायचे नाही. पण नुसत्या शपथा घेणेही आता बंद करायचे. पुढच्या सभेत बादली घेण्याआधी प्रत्येक गटाने पालिकेला हे विचारावे:

१. कचऱ्याचे टेंडर कशावर मोजले आहे? टनावर, गाडीवर की ठोक? त्याची प्रत द्या. न दिल्यास माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्याने, अर्ज करावा. अर्ज साध्या कागदावर होतो.

२. मागच्या तीन वर्षांत किती कचरा गोळा झाला, खेपा किती झाल्या, खर्च किती झाला? आम्ही वेगळा करायला लागल्यावर त्यात काय फरक पडला ते दर तीन महिन्यांनी वॉर्डात लावा.

३. गाडीत कप्पे नसतील तर आम्हाला दोष देणारा बोर्ड काढा.

४. सुका माल गोळा करण्याचा पहिला हक्क गावातल्या कचरावेचक बायकांचा. त्यांची नोंद, ओळखपत्र, हातमोजे, माल लावायला शेड आणि पाणी द्या. ठेक्यात तशी अट घाला.

५. ठेक्यावरच्या झाडूवाल्या बायकांना किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि आठवड्याची सुट्टी द्या. खर्चात बचत झाल्याचे सांगताना यांची मजुरी कापून बचत झाली नाही, हे दाखवा.

६. जी बचत होईल तिचा ठरलेला भाग डेपोशेजारच्या वस्तीच्या पाण्यावर आणि दवाखान्यावर खर्च करा, आणि तो सभेत जाहीर करा.

७. आणि सातवी गोष्ट पालिकेकडे मागायची नाही, घरात मागायची आहे. पुढची शपथ पुरुषांनी घ्यावी. खड्डा हलवायला, बादली उचलायला आणि घंटा वाजल्यावर धावायला बाईचेच हातपाय लागतात असे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही.

२०११ पासून आपल्या नगरपालिकांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. कचऱ्याचे टेंडर मंजुरीला येते तेव्हा त्या सभागृहात बसलेल्या असतात. त्यांना हा कागद वाचायला मदत करणे हे आपले काम आहे. नुसता हात वर करायला त्यांना तिथे पाठवलेले नाही.

त्या धुणीभांडी करणाऱ्या बाईंना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नाही. "बघते," एवढेच म्हणाले. आता त्यांच्या गटाने टेंडरची प्रत मागायचा अर्ज केला आहे. अर्जावर सतरा जणींच्या सह्या आहेत आणि चार अंगठे. पहिला अंगठा त्यांचाच.